बदलापूरहून आरामनगर, व्हाया मोबाइल

मुंबईत नट व्हायचं तर अंधेरीत राहायला हवं, असं नव्या पोरांना वर्षानुवर्षं सांगितलं जायचं आणि त्यात खोटं काही नव्हतं. हिंदी सिनेमा, मालिका आणि जाहिरातींच्या कास्टिंगची कितीतरी ऑफिसं वर्सोव्याच्या आरामनगरात आणि आसपासच्या गल्ल्यांत. सकाळी अकराला मेसेज पडणार : 'दोन वाजेपर्यंत या, फॉर्मल कपडे.' यारी रोडवर चौघांत एक खोली घेऊन राहणारा मुलगा शर्टाला इस्त्री करून, चहा पिऊन वेळेवर हजर. बदलापूरच्या मुलीनं तोच मेसेज वाचला, तर तिला आधी गाडीचं टाइमटेबल बघावं लागायचं.

बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर. अंबरनाथ, उल्हासनगर थोडं अलीकडे. पण आरामनगर मध्य रेल्वेवर नाही, हीच खरी गोम. पूर्वी दादरला उतरायचं, पूल चढून पश्चिम रेल्वेवर जायचं, अंधेरी गाठायची आणि मग रिक्षा. ८ जून २०१४ ला घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तेव्हा कर्जत मार्गावरच्या नटमंडळींनी मनातल्या मनात नारळ फोडला असेल. ११.४ किलोमीटरच्या त्या मार्गानं दादरचा वळसा वाचला. तरीही घरातून निघून कास्टिंग ऑफिसच्या दारात उभं राहायला अडीच तास धरावेच लागायचे. तिथे रांग. रांग संपली की समन्वयक एकदा वरपासून खालपर्यंत बघणार आणि दोन शब्द बोलणार : 'नॉट फिट.' नाव विचारलेलं नाही, संवाद ऐकलेला नाही. परतीला घाटकोपरला संध्याकाळची बदलापूर लोकल, म्हणजे दरवाजात एक पाय ठेवायला जागा मिळाली तरी नशीब.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर टॉवर किती उठले, हे गाडीच्या खिडकीतूनच दिसतं. एवढ्या वस्तीत अभिनयाची हौस असलेली मुलं भरपूर. उल्हासनगरच्या सीएचएम किंवा तलरेजा कॉलेजात एकांकिका करायची, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात आणि डोंबिवलीच्या फुले नाट्यगृहात नाटकं बघायची आणि मग मुंबईकडे डोळे लावायचे, हा इथला नेहमीचा रस्ता. त्यातली किती मुलं अभिनयात कमी पडून थांबली आणि किती नुसत्या प्रवासाला कंटाळून, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

एक योगायोग इथे सांगायलाच हवा. उल्हासनगर वसलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथे आले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं. लोक अजूनही पत्ता 'कॅम्प नंबर चार' असाच सांगतात. वर्सोव्याचं आरामनगरही मूळचं लष्करी बराकींचंच. म्हणजे उल्हासनगरचा मुलगा एका छावणीतून निघून दुसऱ्या छावणीत भरती व्हायला जात होता, एवढंच.

न भेटता निवड होणं ही गोष्ट मात्र मोबाइलनं आणलेली नाही. धर्मेंद्र यांनी पंजाबातून 'फिल्मफेअर'च्या नव्या चेहऱ्यांच्या स्पर्धेसाठी आपले फोटो पाठवले होते. अमिताभ बच्चन यांचा फोटो त्यांचा धाकटा भाऊ अजिताभ यानं ख्वाजा अहमद अब्बास यांच्यापर्यंत पोहोचवला आणि पुढे 'सात हिंदुस्तानी' (१९६९) झाला. पण फोटो बोलत नाही, चालत नाही. अब्बासनाही शेवटी माणूस समोर बोलवावाच लागला.

याहून जवळचं आणि अस्सल मराठी उदाहरण स्मिता पाटील यांचं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि थोड्याच काळात स्मिता तिथे मराठी बातम्या वाचू लागल्या. श्याम बेनेगल यांनी त्यांना त्या पडद्यावर पाहिलं. चेहरा, आवाज, कॅमेऱ्यासमोरचा सहजपणा, सगळं घरबसल्या दिसलं. त्यांनी मग स्मिता यांना घेऊन केलेले 'चरणदास चोर' आणि 'निशांत' हे दोन्ही १९७५ चे. आपण ऑडिशन देतोय हे माहीतच नसताना दिलेली ही ऑडिशन. स्मिता जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसत, हा किस्सा प्रसिद्ध आहे. फ्रेममध्ये फक्त वरचा भाग दिसतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज बदलापुरात वर ब्लेझर आणि खाली हाफपँट घालून बँक मॅनेजरची ऑडिशन देणारा मुलगा त्याच परंपरेतला म्हणायचा.

खरा बदल तीन गोष्टी एकत्र आल्यावर झाला. मध्यम किमतीच्या फोनमध्ये चांगला कॅमेरा आला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाली आणि सुरुवातीचे काही महिने डेटा चक्क फुकट मिळाला. तिसरी गोष्ट व्हॉट्सॲप. कास्टिंगचा अख्खा धंदा त्या ग्रुपांवर येऊन बसला. 'अर्जंट रिक्वायरमेंट. मेल, २५ ते ३०, मराठी लुक. एक दिवस शूट. पेमेंट ९० दिवस. इंट्रो आणि साइड प्रोफाइल पाठवा.' ही भाषा आता या मार्गावरच्या शेकडो फोनांत रोज उमटते. मेसेजच्या शेवटी बहुधा एक प्रश्न असतो : 'करंट लोकेशन?' बदलापुरातले काही जण तिथे डोळे मिटून 'मुंबई' लिहितात. सहाला कॉलटाइम असेल तर हा पोहोचेल का, या शंकेपायीच नाव गळू नये म्हणून.

तरीही २०२० पर्यंत घरून पाठवलेली ऑडिशन हा दुय्यम प्रकार होता. बाहेरगावी असलात तर पाठवा, नाहीतर या, असा खाक्या. तो मोडला कोरोनानं, आणि आपल्या भागापुरतं बोलायचं तर लोकल बंद पडल्यानं. १९ मार्च २०२० पासून चित्रीकरणं थांबली, चार दिवसांत लोकलही थांबली. ३१ मेला राज्य सरकारनं चित्रीकरणाची नियमावली काढली. जुलैच्या मध्यात मराठी मालिकांचे नवे भाग दिसू लागले. म्हणजे काम सुरू झालं, पण गाडी नाही! १५ जूनपासून लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी धावू लागली आणि नटाला अत्यावश्यक कोण म्हणणार? महिलांना २१ ऑक्टोबरपासून ठरावीक वेळांत प्रवेश मिळाला. बाकी सर्वांना १ फेब्रुवारी २०२१ पासून, तोही सकाळी सातच्या आधी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. दुसऱ्या लाटेत तेही बंद झालं. १५ ऑगस्ट २०२१ ला दोन डोस घेतलेल्यांना पुन्हा गाडीत चढता आलं. या सव्वा वर्षात अंबरनाथ-बदलापूरच्या नटापुढे घरच्या भिंतीसमोर उभं राहण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. गंमत म्हणजे याच काळात यारी रोडवाल्यालाही घरातूनच ऑडिशन पाठवावी लागत होती. अंतराचा फरक पहिल्यांदाच शून्यावर आला. सवय लागली ती लागलीच, आणि 'सेल्फ टेप' हा पहिल्या फेरीचा नेहमीचा मार्ग होऊन बसला.

आता ही टेप बनते कशी, ते बघू.

वन बीएचकेच्या हॉलमध्ये एक भिंत मोकळी करायची. कालनिर्णय उतरवायचं, खिळा राहतो. त्यावर पडदा टाकायचा. पडद्याचं कापड राखाडी किंवा निळं, बिनचुणीचं आणि बिनचमकीचं. उल्हासनगर कॅम्प दोनच्या गजानन मार्केटमध्ये असलं कापड मीटरवर मिळतं. फोन ट्रायपॉडवर, आडवा, नटाच्या डोळ्यांच्या उंचीवर. इथे पहिली चूक होते : फोन फार जवळ ठेवला जातो. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची, म्हणून चेहरा फ्रेमभर यायला फोन हातभर अंतरावर आणला जातो आणि मग नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चार-पाच फूट मागे जाऊन 'टू एक्स' लावलं की चेहरा आपला वाटू लागतो.

प्रकाशाची भानगड वेगळी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मिचमिचतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन कंपन्यांची ठरलेली सेटिंग सेकंदाला ३० फ्रेमची, अमेरिकेच्या ६० हर्ट्झला जुळणारी. मग चेहऱ्यावरून काळपट पट्टे सरकू लागतात आणि कास्टिंगवाल्याला वाटतं, फोनच खराब आहे. फ्रेम २५ वर आणल्या तर पट्टे बहुतेक वेळा जातात. सगळ्यात चांगला दिवा मात्र खिडकी. सकाळी नऊ ते अकरा, चेहरा खिडकीकडे करून. रिंगलाइटचा वाईट गुण हा, की चष्मा असेल तर त्यात दोन पांढऱ्या बांगड्या चमकतात.

पण टेप मार खाते ती आवाजात. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो, दहापट झालं की वीस डेसिबलनं. म्हणजे माइक कॉलरला, एक वीत अंतरावर असेल तर जो आवाज मिळतो, तो पाच फुटांवरच्या फोनपर्यंत अगदीच लुळा होऊन पोहोचतो. फोन मग आपणहून आवाज चढवतो आणि त्याबरोबर पंखा, शेजारचा कुकर, खालच्या रस्त्यावरची भाजीवाल्याची आरोळी, सगळं चढतं. साधा कॉलर माइक हा यावरचा सर्वात स्वस्त इलाज. घर रुळालगत असेल तर तोही पुरत नाही. रात्री शेवटची लोकल गेली की शांतता, असा हिशेब बदलापुरात चालत नाही. मुंबई-पुणे गाड्या आणि मालगाड्या रात्रभर याच रुळांवरून जातात. उल्हासनगरात लग्नसराईत बँडच्या वेळा बघूनच टेक घ्यावे लागतात.

मग येतो 'क्यू' देणारा. समोरच्या पात्राचे संवाद कोणीतरी वाचायचे असतात, कॅमेऱ्याला अगदी चिकटून उभं राहून, म्हणजे नटाची नजर लेन्सच्या शेजारी पडते. हे काम घरात ज्याच्या गळ्यात पडेल त्याचं. भाऊ वर्तमानपत्र वाचल्यासारखं वाचतो. आई वाचायला बसली की हळूहळू रंगात येते आणि फोनच्या माइकजवळ असल्यामुळे टेपमध्ये तीच जास्त ऐकू येते. 'तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही' हे वाक्य सख्ख्या वडिलांच्या डोळ्यांत बघून म्हणणं हा अभिनयाच्या कुठल्याही कोर्सात न शिकवला जाणारा धडा आहे.

शेवटी पाठवणं. फुल एचडीत एका मिनिटाचं चित्रीकरण साधारण ६० ते १३० एमबी होतं. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकलं तर अनेक वर्षं ते १६ एमबीच्या आत दाबून बसवलं जायचं. तीन मिनिटांच्या प्रसंगाची त्यात अक्षरशः भाजी व्हायची. डोळ्यांतलं पाणी दिसायचं नाही, गालावरचे चौकोन दिसायचे. म्हणून 'डॉक्युमेंट'मधून पाठव, ड्राइव्हची लिंक दे, यूट्यूबवर अनलिस्टेड टाक, या युक्त्या आल्या. वीट्रान्सफर ही मोठ्या फाइली पाठवायची सोपी सोय नेमकी मे २०२० मध्ये, जेव्हा तिची सर्वात जास्त गरज होती तेव्हाच, दूरसंचार विभागानं भारतात बंद केली. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपनं दोन जीबीपर्यंतची फाइल पाठवू द्यायला सुरुवात केली, तेव्हा हा त्रास बराच हटला.

या सगळ्या खटाटोपाचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. कास्टिंग ऑफिसात दिलेली ऑडिशन नटाला स्वतःला कधीच बघायला मिळत नसे. आता तो आपली टेप दहा वेळा बघतो. एकांकिका स्पर्धेतून आलेल्या मुलाचा आवाज शेवटच्या रांगेसाठी लागलेला असतो, भुवया बाल्कनीसाठी. क्लोजअपमध्ये हे सगळं ओरडल्यासारखं वाटतं, हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. चौथ्या टेकपर्यंत त्याचं त्यालाच दिसतं.

तोटा त्याच्याच पाठीला लागून आहे. ऑफिसात ऑडिशन घेणारा जाणकार असेल तर म्हणायचा, 'हेच रागावून नको, थकून म्हण.' त्या एका सूचनेनं प्रसंग उजळायचा. टेपला सूचना मिळत नाही. ती जाते आणि मग दोन निळ्या टिका, किंवा त्याही नाहीत. शिवाय खर्चाची बाजू उलटली आहे. खोली, कॅमेरा, दिवे, क्यू देणारा माणूस, हे सगळं पूर्वी कास्टिंगवाल्याच्या माथी होतं, आता नटाच्या. आणि आरामनगरच्या गल्लीत रांग मावेल तेवढीच मावायची. मोबाइलवरच्या रांगेला शेपूटच नाही. दार मोठं झालं, तशी गर्दीही मोठी झाली, आणि बघणाऱ्याचे डोळे मात्र दोनच राहिले. पहिल्या काही सेकंदांत पकड घेतली नाही तर पुढचा व्हिडिओ.

जगात सगळीकडे हीच कथा. 'मिस मार्व्हल' या मालिकेसाठी निवडली गेलेली कॅनडातली इमान वेलानी घ्या. त्या भूमिकेसाठी मुली शोधताहेत हा मेसेज तिला मावशी-आत्यांच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधून मिळाला आणि घरून पाठवलेल्या टेपनं सुरुवात झाली. आपल्या फॅमिली ग्रुपवरच्या सुप्रभातांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. 'स्पायडरमॅन'च्या टॉम हॉलंडनंही आधी टेपा पाठवल्या, पण पुढची परीक्षा प्रत्यक्षच झाली, रॉबर्ट डाउनी ज्युनियर समोर उभा असताना. आपल्याकडेही तसंच. टेपवर शॉर्टलिस्ट झालं की लुक टेस्ट, मॉक शूट यासाठी अंधेरी किंवा गोरेगाव गाठावंच लागतं. दोन नटांमध्ये जमतं की नाही हे फाइलवरून कळत नाही. आणि त्या दिवशी पाऊस लागला, तर? २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरानं महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून सोडवावं लागलं. या मार्गावर राहणाऱ्याला असा एखादा दिवस दर पावसाळ्यात धरूनच चालावं लागतं.

टेपला न सापडणारे चेहरेही असतात. 'फँड्री'चा जब्या, सोमनाथ अवघडे, नागराज मंजुळे यांना गावात हलगी वाजवताना दिसला. 'सैराट'ची आर्ची अकलूजला मिळाली. तिथे दिग्दर्शक नटापर्यंत चालत गेला. ग्रुपवर मेसेज टाकून जब्या मिळाला नसता, कारण जब्या त्या ग्रुपवर नव्हता.

दुसरी काळजी फसवणुकीची. घरबसल्या ऑडिशन म्हटलं की लुटारूंचंही काम घरबसल्या होतं. 'तुमची निवड झाली, आर्टिस्ट कार्डाचे पैसे भरा', 'पोर्टफोलिओ आमच्याकडूनच करावा लागेल', हे ठरलेले डाव. खरं कास्टिंग नटाकडून पैसे मागत नाही. मागितले की तिथेच फोन ठेवावा आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं. अंगप्रदर्शनाची टेप मागणाऱ्याला कुठलीही टेप पाठवू नये. अर्थात प्रत्यक्ष बोलावणं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. ३० ऑक्टोबर २०२५ ला पवईच्या एका स्टुडिओत ऑडिशनच्या नावाखाली बोलावलेल्या १७ मुलांना ओलीस ठेवलं गेलं होतं. पोलिसांनी त्यांना सोडवलं. त्या दिवसानंतर मुलांची पहिली फेरी घरूनच व्हावी, असं आईवडिलांना वाटलं तर त्यांना भित्रं म्हणता येणार नाही.

एकूण जमाखर्च मांडला, तर बदलापूरच्या बाजूनं हा सौदा फायद्याचाच आहे. 'नॉट फिट' ऐकण्यासाठी पाच तास घालवण्यापेक्षा तेच घरी न ऐकणं परवडलं. नोकरी सांभाळून, रात्रीची पाळी करून, लहान मूल झोपवून ऑडिशन देणाऱ्या बायका आणि पुरुष आज या शर्यतीत आहेत. पूर्वी ते दादरच्या पुलावरच बाद झाले असते. पण रस्ता सोपा झाला म्हणून वाटेल तसं हाकायचं, हे बरोबर नाही. रात्री साडेदहाला चार पानांचा प्रसंग येतो आणि 'सकाळी नऊपर्यंत पाठव' असा हुकूम असतो. ज्याच्या घरात दुसरी खोली नाही, त्यानं त्या रात्री काय करावं?

अमेरिकेत यावर भांडण झालं आणि निकालही लागला. तिथल्या नटांच्या संघटनेनं २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा गाजला, पण करारात टेपांचे नियमही आले : पहिल्या टेपसाठी आठ पानांपेक्षा जास्त मजकूर द्यायचा नाही आणि किमान ४८ तास द्यायचे. आपल्याकडे नटांची संघटना 'सिंटा' आहे, अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, वाहिन्या आहेत, निर्माते आहेत. त्यांनी एकत्र बसून असे दोन-तीन नियम ठरवावेत आणि पाळावेत : दोन दिवसांची मुदत, मोजकी पानं, आणि निवड झाली नसेल तर तसं कळवणारी एक ओळ. त्यासाठी कुणालाही लोकल पकडावी लागणार नाही.